इथलं-तिथलं : हेलपाटे कागदाने मारावेत



गेल्या काही महिन्यांत या सदरासाठी जी पत्रं आली, त्यांत एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी आला. कोणी लिहितं, आमच्या भागातली सल्ला देणारी कचेरी हलवली. कोणी लिहितं, दोन खिडक्यांची एक केली. एका बाईंनी लिहिलं, "आता म्हणे सगळं एकाच ठिकाणी मिळणार, पण ते ठिकाण बसने पाऊण तास लांब. माझे गुडघे त्या एकाच ठिकाणापर्यंत कोण नेणार?" लिहिणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. सगळ्यांचा प्रश्न एकच: याला सुधारणा म्हणायचं की काटकसर?

उत्तर द्यायला मी तुम्हाला आज जरा लांब नेते, सिंगापूरच्या बुकित बातोक नावाच्या वस्तीत. माझी मुलगी तिथे राहते, त्यामुळे ही वस्ती मला पायाखालची झाली आहे. पण नेण्याचं खरं कारण वेगळं. सल्ला आणि मदतीच्या कचेऱ्यांची मोडतोड-जोडतोड त्या देशाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतक्या वेळा केली, की कुठे काय साधलं आणि कुठे अडलं ते तिथे स्वच्छ दिसतं.

बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी आणि बातोक म्हणजे खोकला. खोकणारी टेकडी! पूर्वी इथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. सुरुंग उडाले की टेकडी खोकल्यासारखी वाटे, म्हणून हे नाव, अशी एक कथा सांगतात. आता त्यातल्या एका खाणीत पाणी साठून तळं झालं आहे आणि लोक तिथे फोटो काढायला जातात. 1980 च्या सुमारास सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, इथे उंच इमारती बांधायला घेतल्या. 1990 ला मेट्रो आली. आज दीड लाखावर माणसं राहतात. इमारतीचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. लग्नं तिथेच, मयतीचा मांडवही तिथेच, आणि दुपारी म्हातारी मंडळी बाकांवर बसलेली. आपल्या चाळीचा व्हरांडा आठवावा तसं.

आता अशा इमारतीत राहणाऱ्या एका आजींची कल्पना करा. नवरा गेला, मुलगा दूर, त्याची नोकरी सुटलेली. आजींच्या घराचं भाडं तुंबलं आहे, औषधांचा खर्च आहे, आणि हातात आलेली चिनी किंवा इंग्रजी पत्रं वाचता येत नाहीत. आजींनी जायचं कुठे?

पहिली गंमत इथेच. वस्तीत 'टाऊन कौन्सिल' असते. नाव ऐकून वाटतं हीच आपली इरिया. पण 1988 च्या कायद्याने आलेल्या या टाऊन कौन्सिलचं काम म्हणजे लिफ्ट, जिने, दिवे, साफसफाई, इमारतींची देखभाल. आजींच्या भाकरीशी तिचा संबंध नाही. दुसऱ्या आहेत 'कम्युनिटी डेव्हलपमेंट कौन्सिल', थोडक्यात सीडीसी. 1997 साली अशा नऊ केल्या, 2001 साली त्यांच्या पाच झाल्या. बुकित बातोक नैर्ऋत्येच्या सीडीसीकडे गेलं. 2005 साली सरकारने गरिबांसाठी 'कॉमकेअर' नावाची योजना काढली आणि तिचे अर्ज या सीडीसी घेऊ लागल्या. तिसरी 'फॅमिली सर्व्हिस सेंटर्स', ती धर्मादाय संस्था चालवतात, सरकार पैसा देतं, समाजसेवक तिथे बसतात. त्याशिवाय घरभाड्यासाठी एचडीबी, आजारासाठी रुग्णालयातला समाजसेवक, नोकरीसाठी आणखी एक कचेरी.

म्हणजे दारं भरपूर होती. पण प्रत्येक दारावर आजींनी पहिल्यापासून सगळं सांगायचं. नवरा कधी गेला, मुलगा का पैसे पाठवत नाही, बँकेत किती आहेत. एकदा सांगितलं तर सांगणं, पाच वेळा सांगितलं की ती भीक वाटायला लागते. आणि प्रत्येक ठिकाणी तेच कागद, त्यांच्या प्रती, त्यावर सही.

या सगळ्यांहून जुनं एक दार तिथे आहे, आणि ते आपल्या वाचकांना ठाऊक असायलाच हवं. ते उघडलं एका यहुदी माणसाने. डेव्हिड मार्शल, सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री. जन्म 1908, बगदादी यहुदी घराणं, पेशाने फौजदारी वकील. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होते, वेठबिगारीला होक्काइदो बेटावर नेले गेले. एप्रिल 1955 मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा इंग्रज गव्हर्नर त्यांना धड कचेरी द्यायला तयार नव्हता. मार्शलांनी बजावलं की मग मी बाहेर झाडाखाली टेबल मांडतो. तेव्हा कुठे जिन्याखालची एक खोली मिळाली. पद जेमतेम चौदा महिने टिकलं; लंडनची स्वराज्याची बोलणी फिसकटली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी जून 1956 मध्ये राजीनामा दिला. पण त्या काळात त्यांनी एक रीत पाडली. ठरावीक दिवशी सामान्य माणसाने यावं, समोर बसावं, गाऱ्हाणं सांगावं. 'मीट द पीपल' असं तिचं नाव. सरकारं बदलली, मार्शल विरोधी बाकावर गेले, पण रीत राहिली.

आजही बुकित बातोकमध्ये आणि देशातल्या प्रत्येक मतदारसंघात आठवड्यातून एका संध्याकाळी ही बैठक भरते. स्वयंसेवक टेबलं लावतात, येणाऱ्याला नंबर देतात, हकीगत ऐकून कचेरीच्या नावे पत्र तयार करतात. खासदार माणसाला भेटतो आणि सही करतो. मुंबईच्या जीपीओबाहेर कागद लिहून देणारे बसत, त्यांची आठवण यावी. फरक एवढाच की इथे पैसे पडत नाहीत आणि खाली खासदाराची सही असते.

या दाराचं मोल मोठं आहे, पण त्याची मर्यादाही लक्षात घ्या. खासदार निर्णय देत नाही, शिफारस करतो. पत्र शेवटी त्याच कचेरीत जातं जिथून आजी रिकाम्या हाताने आल्या होत्या. दुसरं असं, की खासदार आणि मतदारसंघ बदलत असतात. बुकित बातोक 2015 साली स्वतंत्र मतदारसंघ झाला. 2016 ला तिथे पोटनिवडणूक झाली, भारतीय वंशाचे वकील मुरली पिल्लै निवडून आले. 2025 च्या निवडणुकीत तो स्वतंत्र मतदारसंघ राहिला नाही, जुरोंग ईस्टबरोबर एका मोठ्या गट-मतदारसंघात गेला. ज्या आजींना आपल्या इमारतीचा नंबर सोडून दुसरं काही पाठ नाही, त्यांची मदत अशा रेषांवर टांगून ठेवता येत नाही. त्यासाठी कायमची कचेरी लागते.

ती कचेरी 2013 साली आली. आदल्या वर्षी समाजकल्याणाचं मंत्रालय नव्याने बांधलं होतं. त्याने ठरवलं की मदतीचं काम पाच सीडीसींकडून काढायचं आणि वस्त्यावस्त्यांत 'सोशल सर्व्हिस ऑफिस' उघडायची. पहिलं उघडलं क्रेता आयर भागात, जुन्या चायनाटाऊनजवळ. उद्दिष्ट असं मोजून सांगितलं: मदत घेणाऱ्या शंभरांतल्या पंच्याण्णव जणांना घरापासून किंवा कामाच्या जागेपासून दोन किलोमीटरच्या आत कचेरी मिळावी. दोन-अडीच वर्षांत वीस कचेऱ्या झाल्या, पुढे चोवीस. बुकित बातोकलाही मिळाली.

इथे थोडं थांबू या, कारण आपल्या पत्रलेखक बाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न इथेच आहे. नव्या मांडणीचं पहिलं माप त्यांनी काय धरलं? चालायचं अंतर. कर्मचारी किती वाचले, भाडं किती वाचलं, ही मापं नंतर. आणि सगळं एका रात्रीत केलं नाही. एकेक वस्ती घेत गेले. जिथे 'एकत्रीकरण' म्हणजे चार जवळच्या कचेऱ्या बंद करून एक लांबची उघडणं, तिथे शब्द तोच असला तरी काम उलटं आहे. सिंगापुरात पाचांच्या चोवीस झाल्या. हे ध्यानात ठेवा, कोणी तुम्हाला परदेशाचं उदाहरण देऊन गप्प करायला आलं तर उपयोगी पडेल.

पण कचेरी जवळ आली म्हणून आजींच्या खेपा संपल्या का? नाही. भाड्यासाठी एचडीबीकडे, मुलाच्या नोकरीसाठी तिसरीकडे जावंच लागे. मग दुसरी पायरी आली. बुकित बातोकपासून फार दूर नसलेल्या तामान जुरोंगच्या कचेरीत पैशाची मदत, नोकरीचा सल्ला आणि कुटुंबाचा समाजसेवक असे तिघे एकाच छपराखाली बसवून पाहिले. त्याबरोबरच कचेऱ्या आणि फॅमिली सर्व्हिस सेंटर्स यांच्या नोंदी संगणकावर एकमेकांना जोडल्या. हेतू हा की आजींनी हकीगत एकदा सांगावी, पुढचा माणूस ती वाचूनच समोर बसेल.

माझ्या मते या सगळ्या उलाढालीचं सार एवढ्यात आहे. कचेऱ्या एक असोत की दहा, नाव काहीही असो, बघायचं ते हे की हेलपाटे कोण मारतं, माणूस की कागद? फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली तर तिला गुडघे दुखत नाहीत, लाज वाटत नाही, बस चुकत नाही. माणूस खुर्चीत बसावा आणि फाइल फिरावी. ज्या बदलाने हे होतं तो बदल सुधारणा. ज्याने फाइल आरामात बसून राहते आणि माणूस आणखी लांब चालतो, तो नुसता हिशेब.

अर्थात फाइल फिरली की तिला डोळेही अनेक लागतात. नवरा दारू पीत होता, मुलगी घर सोडून गेली, अशा गोष्टी एका समाजसेविकेला विश्वासाने सांगितल्या, त्या पाच कचेऱ्यांच्या पडद्यावर दिसाव्यात का? पैशाचा अर्ज बघणाऱ्याला पैशापुरतं दिसावं, बाकीचं नाही. म्हणून खेप वाचवताना सही कशावर करतो आहोत ते विचारायला हवं. "माझी माहिती कोणाकोणाला दिसेल?" हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे तर सिंगापूरने आपल्याला मोठा धडा दिला आहे. तिथल्या जुन्या चिनी माणसांची घरातली भाषा मंदारिन नव्हे. होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज अशा त्यांच्या बोली. 1979 पासून सरकारने 'मंदारिन बोला' मोहीम चालवली आणि या बोली टीव्ही-रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केल्या. नातवंडं मंदारिन आणि इंग्रजी शिकली. आजी घरात मुक्या झाल्या. पुढे 2014 साली सरकारने 'पायोनियर जनरेशन' म्हणजे 1949 अखेरपर्यंत जन्मलेल्या सुमारे साडेचार लाख नागरिकांसाठी औषधोपचाराची मोठी सवलत काढली. आता ती त्यांना सांगायची कशी? पत्रकं छापली तरी वाचणार कोण? तेव्हा स्वयंसेवक तयार केले, त्यांना घरोघर पाठवलं, आणि सांगितलं, त्यांच्या बोलीत बोला. 2016 साली तर होक्कियनमध्ये टीव्ही मालिकाच काढली, म्हाताऱ्यांना योजना समजाव्यात म्हणून. तिच्या नावाचा अर्थ "जेवलात का?" ज्या बोलीला तीस-पस्तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, तिलाच शेवटी आत बोलावून खुर्ची द्यावी लागली.

"जेवलात का?" हे वाचून मला तर आपलीच माणसं दिसली. आपल्याकडेही दारात आलेल्याला आधी हेच विचारतात, अर्ज क्रमांक नाही विचारत.

घरोघर जाणाऱ्या त्या मंडळींची कचेरी 2018 साली वृद्धांच्या सेवा बघणाऱ्या एका मोठ्या संस्थेत मिळवली आणि तिचं नाव 'सिल्व्हर जनरेशन ऑफिस' झालं. त्याच वर्षी वृद्धांच्या सेवा समाजकल्याणाकडून आरोग्य मंत्रालयाकडे गेल्या. पुढे वस्तीतच साठीच्या पुढच्यांसाठी 'ॲक्टिव्ह एजिंग सेंटर्स' वाढवायचं ठरलं; 2025 पर्यंत अशी 220 केंद्रं करायचं उद्दिष्ट जाहीर झालं. तिथे व्यायाम, गाणी, एकत्र जेवण. एखादे आजोबा चार दिवस दिसले नाहीत तर कोणीतरी दार वाजवतं. सल्ल्याची कचेरी म्हणून ते बांधलेलं नाही, पण खरा सल्ला बरेचदा तिथेच मिळतो. कारण माणूस आपली अडचण खिडकीवर सांगत नाही, चहा पिताना सांगतो.

चौथी गोष्ट संगणकाच्या दाराची. एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे कामं बंद पडली तेव्हा सरकारने पाचशे डॉलरची एकवेळची तातडीची मदत जाहीर केली. सोशल सर्व्हिस ऑफिसांसमोर आणि कम्युनिटी क्लबांत रांगा लागल्या. पुढच्या महिन्यात मदतीचं नवं रूप आलं आणि अर्ज संगणकावर गेले. रांगा संपल्या. पण ज्यांच्याकडे साधा फोन होता ते रांगेतही नव्हते आणि यादीतही नव्हते. सरकारलाही ते कळलं. जून 2020 मध्ये एक हजार माणसं नेमायचं ठरवलं, म्हाताऱ्यांना आणि टपरीवाल्यांना फोन वापरायला शिकवण्यासाठी. म्हणजे संगणकाचं दार उघडायला शेवटी माणूसच लागला! आपल्याकडे कोणी म्हणालं की सगळं आता ऑनलाइन, कचेरीची गरजच काय, तर त्याला हे एक हजार सांगा.

एवढं सगळं असूनही तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. मदतीसाठी गरज पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. थोड्या काळासाठीची मदत काही महिन्यांची, मुदत संपली की पुन्हा कागद. कागद पुरे झाले तरी उत्तराला साधारण चार ते सहा आठवडे. जे म्हातारपणाने किंवा आजाराने कामच करू शकत नाहीत आणि ज्यांना फारसं कोणी नाही, त्यांना कायमची मदत मिळते; एकट्या माणसाला महिना 600 डॉलर होते, ऑगस्ट 2022 मध्ये ते 640 केले गेले होते. सिंगापूरची महागाई पाहिलेल्याला हा आकडा समजावून सांगायला नको. आधी कुटुंबाने बघावं, मग सरकारने, हा तिथला पाया. ज्यांच्या मुलांनी पाठ फिरवली त्यांना ते कागदावर दाखवून द्यावं लागतं. आईला स्वतःच्या मुलाविरुद्ध पुरावा द्यायला लावणं, याहून कठीण काय असेल? तेओ यू येन्न या समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेने सरकारी भाड्याच्या वस्त्यांत जाऊन 2018 साली पुस्तक लिहिलं, 'धिस इज व्हॉट इनइक्वॅलिटी लुक्स लाइक'. ते तिथे खूप वाचलं गेलं. त्यात पैशाइतकीच इज्जतीची बाजू मांडली आहे. मदत कशी दिली यावर माणूस ती घेऊन ताठ उभा राहतो की वाकून, हे ठरतं.

आता आपल्या घरी येऊ या.

आपल्या देशात दारं कमी नाहीत. 1954 पासून बितुआ लेउमी आहे. तिथे वृद्धांना सल्ला देणारा विभाग आहे आणि त्यात पेन्शनीत गेलेले स्वयंसेवक बसतात. इरियाचं कल्याण खातं आहे. अनेक गावांत 'शील' नावाची नागरिक सल्ला सेवा आहे. तिथेही स्वयंसेवकच, आणि सल्ला फुकट. कायदा चांगला आहे, हक्क भरपूर आहेत. अडतं ते उंबरठ्यावर. आपली जी माणसं 1950 आणि 60 च्या दशकांत आली, त्यांनी बांधकामावर, कारखान्यात, शेतावर हाडं झिजवली. उलपान धड झालं नाही, हिब्रू आलं ते बाजारापुरतं. पकीदा भराभर बोलते, हे "केन, केन" म्हणून मान हलवतात आणि बाहेर येऊन विचारतात, ती काय म्हणाली ग? खिडकीवर रशियन चालतं, अरबी चालतं, कधी अम्हारिकही चालतं. मराठी बोलणारं माणूस भेटलं तर तो दैवयोग.

1964 साली आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, कारण लग्नाच्या बाबतीत आपल्या यहुदीपणावर शंका घेतली जात होती. तो अपमान सगळ्या समाजाचा होता, म्हणून सगळे उठले. पण कोणा आजोबांचा नर्सिंगच्या तासांचा अर्ज परत आला तर धरणं कोण धरणार? ते घरी येतात, कागद खणात टाकतात, आणि पुन्हा जात नाहीत. असा माणूस कोणत्याही अहवालात दिसत नाही. कचेरी म्हणते, गर्दी कमी झाली, म्हणजे गरज कमी झाली, म्हणजे खिडकी बंद करायला हरकत नाही. धोका आहे तो इथे.

म्हणून तुमच्या गावात कचेऱ्या हलवायचं बोलणं निघालं तर चिडून पत्र लिहू नका, चार प्रश्न लिहून पाठवा. एक, नव्या जागी म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागेल, बस थेट जाते का? दोन, एकदा दिलेले कागद पुढच्या टेबलावर आपोआप जातील का, की पुन्हा आम्हीच न्यायचे? तीन, तोर काढायला फोनवर माणूस बोलेल का, आणि समजलं नाही तर भाषेची काय सोय? चार, जुनी कचेरी बंद करायच्या आधी दोन्ही बरोबर किती महिने चालतील? उत्तरं लेखी मागा. चारही उत्तरं चांगली आली तर विरोध करायचं कारण नाही, उलट दुवा द्या.

आणि थोडं काम आपलंही आहे. मार्शल यांना मिळाली तशी जिन्याखालची एक खोली आपल्या प्रत्येक सिनेगॉगपाशी असते. तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी एक टेबल, दोन खुर्च्या आणि हिब्रू-मराठी दोन्ही नीट येणारी दोन माणसं बसली तर? आपली पन्नाशीची पिढी यासाठी अगदी बरोबर वयाची आहे. इथे जन्मली, शाळा-सैन्य इथे केलं, पण घरात आईची मराठी ऐकली. सल्ला द्यायचा नाही, वकिली करायची नाही. फक्त आलेलं पत्र वाचून सांगायचं, मुदत कोणत्या तारखेची ते कॅलेंडरवर लिहून द्यायचं, योग्य खिडकीचा तोर काढून द्यायचा आणि जमलं तर बरोबर जायचं. ऐकलेलं तिथेच ठेवायचं, किद्दूशच्या टेबलावर आणायचं नाही. आपला समाज लहान, सगळे सगळ्यांचे नातलग. ही एक अट पाळली नाही तर दुसऱ्या आठवड्यात कोणी फिरकणार नाही.

घरच्या घरी करण्यासारखं तर फारच सोपं आहे. आई-बाबांच्या कागदांची एकच जाड फाइल करा. तेउदात जेहूतची प्रत, बँकेचं, कुपात होलीमचं, बितुआ लेउमीची जुनी सगळी पत्रं तारखेवार. वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन फोन नंबर. पत्र आलं की त्याच दिवशी मुलाला किंवा नातीला फोटो पाठवायचा. नातवंडांना मी सांगेन, आजीला नुसतं "सवता, ते ऑनलाइन आहे" म्हणून फोन ठेवू नका. ऑनलाइन आहे ना, मग तूच बस आणि भर.

बुकित बातोकच्या त्या व्हॉइड डेकमध्ये जी म्हातारी माणसं बसतात, त्यांच्या पिढीने सिंगापूर बांधलं असं तिथलं सरकार 'पायोनियर' शब्द वापरून जाहीरपणे म्हणतं. आपल्या आई-बापांनी दिमोना, येरुहाम, लोद, अश्दोद बांधली. त्यांना कोणी पायोनियर म्हटलं नाही तरी चालेल, पण खिडकीवरून "उद्या या" ऐकून ती परत येऊ नयेत. त्यांच्या खेपा झाल्या आहेत, रायगड-ठाण्याच्या गावांतून मुंबईला, मुंबईहून बोटीने किंवा विमानाने इथवर. आता पुढच्या खेपा कागदाने माराव्यात, आणि कागदाला वाट दाखवायला आपण असावं.

ज्या वाचकांच्या गावात असं टेबल आधीच चालू आहे, त्यांनी कसं चालवता ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा देऊ.

तोवर तब्येतीला जपा. लेहितराओत.